कुलगुरूंचं नाव आणि भरतीचं पाणी

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. जंगल संपायचं तिथे समुद्र सुरू व्हायचा, म्हणून विद्यापीठात सागर विज्ञान विभाग होता. मुलांनो, समुद्र नसता तरी विभाग असताच, पण ते जाऊ द्या.

या विभागात पुळणी नावाची एक तुतवार पक्षीण पीएचडी करत होती. तुतवार म्हणजे पाण्याच्या कडेकडेने तुरुतुरु पळणारा आणि शेपटी सारखी खालीवर करणारा मूठभर पक्षी. तिचा विषय होता, 'समुद्राची पातळी वाढते आहे काय?' त्याला सात वर्षं झाली होती. समुद्राने तिला उत्तर दुसऱ्याच वर्षी दिलं होतं. विद्यापीठाचं अजून यायचं होतं.

पातळी मोजायला विभागाने किनाऱ्यावर एक लाकडी खांब रोवला होता. त्यावर खालून वर आकडे कोरले होते. शून्याच्याही खाली, अगदी बुंध्याशी, कुलगुरूंचं नाव होतं, सगळ्या पदव्यांसकट. नाव इतकं खाली का, असं तुम्ही विचाराल. कुलगुरू होते गवा. चरता चरता वाचता यावं, अशी त्यांचीच सूचना होती.

पहिल्या वर्षी उधाण आलं आणि पाणी खांबाला लागलं. ते लागावं म्हणूनच तर खांब रोवला होता, हे तुम्हाआम्हाला कळतं. पण पाणी आधी नावाला लागलं. पदव्यांवर शेवाळ चढलं आणि 'डॉ.'च्या डोक्यावर एक कालव येऊन बसलं. कुलगुरू फुरफुरले. लगेच समिती नेमली गेली. समितीने ठराव केला की, कुलगुरूंच्या नावाला पाणी लागल्यास खांब दहा पावलं वर, म्हणजे जंगलाच्या बाजूला, हलवावा. पावलं गव्याची धरावीत.

मग दरवर्षी पाणी नावापर्यंत यायचं आणि दरवर्षी खांब दहा पावलं वर जायचा. शून्याच्या वर पाणी चढायला कधी सवडच मिळाली नाही. त्यामुळे अहवालात दरवर्षी तीच नोंद पडायची: 'पातळी शून्य. वाढ नाही.'

विभागप्रमुख होते धवलसर. हे बगळा, आणि पुळणीचे मार्गदर्शकही हेच. त्या शून्यावर त्यांचे अकरा शोधनिबंध छापून आले होते. एका परिषदेत त्यांना शाल मिळाली होती, ती ते भर उन्हाळ्यातही पांघरायचे.

खांब पुढे गेला तरी जुने खड्डे मागे राहिले होते. एका ओळीत सहा खड्डे. खालचे चार तर आता ओहोटीलाही पाण्यातच असायचे. त्यांत खेकडे राहायला आले होते आणि आपल्या वस्तीला कुलगुरूनगर म्हणत होते.

पुळणीने हे खड्डे मोजले, त्यांची अंतरं मांडली आणि प्रबंधात त्यावर एक प्रकरण लिहिलं. धवलसरांनी ते वाचलं.

"हे काय आहे?"

"सर, खांब सहा वेळा हलला. म्हणजे समुद्र साठ पावलं आत आलाय."

"खांब हलताना कुणी पाहिला?"

"तुम्ही, सर. दर वेळी भाषण तुम्हीच केलंत."

धवलसर एका पायावर उभे राहिले. विचार करताना ते तसेच उभे राहायचे आणि करत नसतानाही.

"हे बघ पोरी, खड्डा म्हणजे आकडा नव्हे. आकडा खांबावर असतो. हे सगळं परिशिष्टात टाक."

पुळणीने ते परिशिष्टात टाकलं. आठवड्याने सर म्हणाले, "परिशिष्ट फार जाड झालंय. काढून टाक."

पदवी पुळणीला हवीच होती. सात वर्षं कुणी हौस म्हणून घालवत नाही. पण तिला सलत होतं ते वेगळंच.

आदल्या वर्षी आवडूमावशी तिच्याकडे आली होती. आवडूमावशी म्हणजे म्हातारी कासवीण. दरवर्षी अंडी घालायला ती याच किनाऱ्यावर यायची. तिने विचारलं होतं, "गो बाय, तू शिकलेली. पाणी खंयसर येतला? अंडी खंय घालू?"

पुळणीने अहवाल उघडून पाहिला आणि सांगितलं, "खांबापाशी घाल, मावशी. तिथे पाणी येत नाही, असं छापलंय."

पुढच्याच उधाणात एकशे दहा अंडी वाहून गेली. मावशी चार शिव्या देती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "माजाच कायतरी चुकला असतला. छापलला खोटा कसा असात?" 

यंदा मावशी पुन्हा आली, तोच प्रश्न घेऊन. पुळणीने अहवालाला चोचसुद्धा लावली नाही. तिने बसून विचार केला. समितीला समुद्र कळत नव्हता, पण नाव कोरडं कुठे राहील हे तिला बरोबर कळत होतं. हलवलेल्या जागी खांब वर्षभर कोरडा राहतो, हे सहाही वेळा खरं ठरलं होतं. मग पुळणी खांबापासून वर गेली, गव्याची दहा पावलं मोजली आणि वाळूवर रेघ मारली.

"इथे घाल, मावशी."

"ह्या छापलला आसा?"

"नाही. म्हणून तर सांगते."

मावशीने तिथे अंडी घातली, वाळू लोटून थोपटली आणि समुद्रात निघून गेली.

आता राहिली तोंडी परीक्षा. धवलसरांनी तारीख विचारली तेव्हा पुळणी साळसूदपणे म्हणाली, "अमावास्येला, दुपारी बारा वाजता ठेवू या. खांबापाशीच." अमावास्येला भर दुपारी उधाणाची भरती असते, हे किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. सागर विज्ञान विभागात ते कुणाला ठाऊक नव्हतं.

बाहेरचे परीक्षक म्हणून वाळवंटातून उंट आले होते. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. पण वाळूतला त्यांचा अनुभव दांडगा होता, आणि किनारा म्हणजे निम्मी वाळूच, असं विद्यापीठाचं म्हणणं पडलं.

बाराच्या ठोक्याला परीक्षा सुरू झाली. पुळणी बोलू लागली तशी लाटही पुढे आली. आधी उंटाच्या पायांना पाणी लागलं.

"हे ओलं ओलं काय आहे?" उंटाने विचारलं.

"स्थानिक परिस्थिती," धवलसर म्हणाले.

"हा समुद्र आहे," पुळणी म्हणाली. मग तिने सगळंच सांगून टाकलं, सहा खड्डे, साठ पावलं, वाहून गेलेली अंडी.  उंट रवंथ करत मान हलवत होते. कुलगुरू मात्र खाली बघत होते. त्यांचं नाव पाण्यात गेलं होतं.

"खांब हलवा," ते म्हणाले. "दहा पावलं."

रानडुकरांनी खांब उपटला. कुलगुरू पावलं टाकत पुढे निघाले. एक, दोन, तीन. सहाव्या पावलाला पुळणी धवलसरांकडे धावली. दहावं पाऊल कुठे पडणार, हे साऱ्या जंगलात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने स्वतःच मोजलं होतं.

"सर, थांबवा त्यांना. तिथे अंडी आहेत."

"कुणाची?"

"कासवाची."

"मग तो प्राणिशास्त्र विभागाचा विषय. आपल्याकडे अंडी येत नाहीत."

"फुटतील, सर."

"तसं त्यांच्याकडून लेखी यायला हवं," धवलसर म्हणाले.

डुकरांनी खांब रेघेपाशी आडवा टाकला. धवलसरांनी स्वतःच्या शालीने कुलगुरूंचं नाव पुसून लख्ख कोरडं केलं. आता विद्यापीठगीत व्हायचं आणि मग डुकरं मुसकट खुपसून खड्डा काढायची, अशी रीत होती. सगळे डोळे मिटून उभे राहिले आणि गाऊ लागले.

पुळणीला रडू फुटत होतं. सात वर्षं खरं बोलून वाळूचा एक कण जागचा हलला नव्हता. गीताचं दुसरं कडवं सुरू झालं. ती उडाली ती थेट लाटेवर गेली. चोच भरून खारं पाणी घेतलं, परत आली आणि कुलगुरूंच्या नावावर पिचकारी मारली. मग आपल्या जागी जाऊन तिने डोळे मिटले. शेवटची ओळ तिने सगळ्यांबरोबर म्हटली.

कुलगुरूंनी डोळे उघडले. नावावरून पाणी ओघळत होतं.

"इथेही?" ते म्हणाले.

धवलसरांनी वाकून जिभेचं टोक लावून पाहिलं. विभागात समुद्राचं पाणी तपासलं जाण्याची ती पहिलीच वेळ. "खारं आहे, साहेब. समुद्राचंच."

साठ पावलांना साक्षीदार लागत होता. या चोचभर पाण्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. ठराव स्पष्टच होता. खांब आणखी दहा पावलं वर गेला आणि डुकरांनी तिकडे खड्डा काढला.

पुळणीला पदवी मिळाली. उंटाने शेऱ्यात 'वाळू उत्तम' असं लिहिलं होतं. पुढच्या वर्षी पाणी काही नावापर्यंत पोहोचलं नाही, तेव्हा 'समुद्र दहा पावलं मागे हटला' असं अहवालात छापून आलं आणि कुलगुरूंनाही शाल मिळाली.

पण त्याच्या कितीतरी आधी, अमावास्येनंतर दीड-दोन महिन्यांनी, एका सकाळी रेघेपाशी वाळू हलली. कासवाची पिल्लं एकामागून एक बाहेर आली आणि कुलगुरूनगरातून वाट काढत पाण्याकडे निघाली. पुळणी त्यांच्या बरोबरीने लाटेपर्यंत धावली. मोजायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. लाटेत मावशी डोकं वर काढून बघत होती.

"बघ गो बाय," ती म्हणाली. "शिकलेली ती शिकलेलीच."

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. त्याचा उपयोग झाला नाही, तर मिठाची गुळणी धरावी आणि ती योग्य नावावर टाकावी.