फुकट योजनेतील सुधारणा

कंपनीच्या बैठकीत 'नाही' हा शब्द वापरायला बंदी होती. ही बंदी कुणी जुलमाने लादलेली नव्हती. मागे एक सल्लागार येऊन गेले होते आणि नकारामुळे माणसांचा उत्साह शोषला जातो, असं त्यांनी पडद्यावर बाण काढून सिद्ध केलं होतं. तेव्हापासून ज्याला विरोध करायचा असेल त्याने तो 'सुधारणा' म्हणून मांडावा, असं ठरलं. सुधारणा मांडली की टाळ्या पडत, इतिवृत्तात नाव येई, आणि ज्याला विरोध होता ती गोष्ट सुधारून पार पाडली जाई.

कंपनी लहान दुकानदारांसाठी सॉफ्टवेअर बनवत असे. बिल करायचं, मालाची नोंद ठेवायची, गिऱ्हाइकाला निरोप धाडायचा, अशी कामं त्यात होत. त्याच्या दोन योजना होत्या, पैशाची आणि फुकट. पैशाची योजना फार सुंदर होती आणि ती कुणी घेत नसे. म्हणून फुकट योजनेत जाहिराती दाखवाव्यात की नाही, हे ठरवायला बैठक बोलावण्यात आली. विषयपत्रिकेवर तो निषिद्ध शब्द छापता येईना, तेव्हा 'जाहिराती: कशा?' एवढंच छापलं.

बैठकीला मास्तर होते. मास्तरांनी उभ्या जन्मात शाळेत शिकवलं नव्हतं. चष्मा, गबाळा सदरा आणि दुसऱ्याचं वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करायची खोड, एवढ्यावर हे नाव पडलं होतं. सॉफ्टवेअरमधली वाक्यं लिहिणं हे त्यांचं काम. 'कृपया थांबा' त्यांचं. 'आपले बिल पाठवले आहे' त्यांचं. 'काहीतरी चुकले' हेही त्यांचंच, आणि ते आपल्या एकूण आयुष्यालाही लागू पडतं, असं त्यांना अधूनमधून वाटे. तरुणपणी त्यांनी पदरमोड करून निबंधांचं एक पुस्तक काढलं होतं. त्यातली एक प्रत थोरल्या बहिणीच्या शिलाई मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली होती. कुणाच्या उपयोगी पडलेली तेवढी एकच.

"मास्तर, तुम्ही गप्प?" साहेबांनी विचारलं. साहेब वयाने मास्तरांच्या भाच्याएवढे होते आणि तसेच लाडात वाढलेले दिसत.

मास्तरांना म्हणायचं होतं, नका हो असलं काही करू. तोंडातून निघालं ते असं: "म्हणजे... मला आपलं वाटतं... दुकानदार घाईत असतो. बिल करता करता मध्येच जाहिरात आली तर त्याचा खोळंबा होईल."

"वा!" धंदावाढ विभागाच्या मॅडम म्हणाल्या. "म्हणजे दुकानदाराला दाखवायचीच कशाला? सरळ गिऱ्हाइकाला जाणाऱ्या बिलावर टाकू. दुकानदाराला पत्तासुद्धा लागणार..." त्या थबकल्या. "...लागायचा राहील."

टाळ्या पडल्या. इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'मास्तर यांच्या सुधारणेनुसार.'

मास्तर एकटे. थोरल्या बहिणीकडे राहत. ताई घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करी, आणि मास्तरांनीच मोठ्या अभिमानाने तिला ती फुकट योजना लावून दिली होती. कपडा शिवून झाला की गिऱ्हाइकाला आपोआप बिलासकट निरोप जाई.

"अरे, हे काय चाललंय तुमचं?" एका संध्याकाळी ताईने दारातच गाठलं. "कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरला निरोप गेला, आपला कोट तयार आहे. आणि खाली काय? टकलावर हमखास केस! तो आहे साफ टकला. आला तो तणतणत. म्हणाला, बाई, कोट उसवून द्या, पण चेष्टा नको!"

"तसं मुद्दाम नसतं गं ते."

"मुद्दाम नसेल तर आणखीच वाईट. बोल की जाऊन तिथे. तोंड दिलंय ना देवानं?"

मास्तरांना तोंड होतं, फक्त बैठकीत ते सापडत नसे. पुढच्या बैठकीत त्यांनी घसा खाकरून सांगितलं, "शिंप्याच्या बिलावर केसांचं तेल... याचा त्या धंद्याशी संबंध काय?"

साहेब उठून उभेच राहिले. "संबंध! हेच तर राहून गेलं होतं!"

आठवड्याभरात संबंध जोडला गेला. शिंप्याच्या बिलावर कपड्यांची जाहिरात आली, तीही लांबची नको, जवळची. जेणेकरून गिऱ्हाइकाला पायपीट पडू नये. ताईच्या घरासमोर तयार कपड्यांचं नवं दुकान उघडलं होतं. आता ताईचा निरोप असा जाऊ लागला: 'आपला कोट तयार आहे. समोरच्या दुकानात कोट आधीपासूनच तयार आहेत.'

गिऱ्हाइकं ताईकडे कोट न्यायला येत, खिडकीतून समोर बघत, आणि पुढचं माप द्यायचं विसरत. मशीनचा आवाज दुपारीही थांबू लागला.

"हे असंच चाललं ना, तर महिनाअखेरीला मशीन विकायचं बघावं लागेल," ताई कात्री पुसत म्हणाली. "नुसतं ठेवून काय करू, त्याला ओवाळू?"

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. सकाळी निश्चय करून गेले, आज स्पष्ट बोलायचं. आणि बोललेही, पण निश्चय अर्ध्या जिन्यातच ढिला झाला होता. "त्या जाहिराती..." ते म्हणाले, "भाषेच्या दृष्टीने... अगदी भिकार आहेत."

"मान्य!" मॅडम म्हणाल्या. "मग आजपासून तुम्ही लिहा."

मास्तरांना हात असलेली नवी खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी मुद्दाम वाईट लिहायचं ठरवलं. तास गेला, पण वाईट वाक्य काही कागदावर उतरेना. जित्याची खोड ती. शेवटी त्यांनी लिहिलं: 'कपड्याची वाट पाहण्यात आयुष्याचा जो भाग जातो, तो कोणताही शिंपी परत शिवून देत नाही.' आणि खाली समोरच्या दुकानाचा पत्ता.

कंपनीला एक गोष्ट मोजता येत असे: वाचणारा कुठल्या ओळीवर थांबला, कुठे सोडून गेला. मास्तरांची जाहिरात लोक शेवटपर्यंत वाचत होते. काही जण परत वर जाऊन वाचत होते. मॅडमनी आलेख पडद्यावर दाखवला. त्याची रेघ छताकडे निघाली होती. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते त्या दिवशी घरी चालत गेले आणि वाटेत एका कुत्र्याला 'नमस्कार' म्हणाले.

घरी ताई एका गिऱ्हाइकाने तिला दाखवायला पाठवलेला निरोप उघडून, फोन लांब धरून बसली होती. "ऐक, काय लिहिलंय मेल्यानं! वाचून मलाच वाटलं, जावं समोर आणि एखादा झगा घेऊन यावा."

"आवडलं तुला?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"आवडलं म्हणजे? धंदा बसवला त्यानं माझा. पण हात आहे हो लिहिता. नाहीतर तू. जन्मभर पुस्तकं उशाला, आणि लिहिलंस काय, तर कृपया थांबा!"

झोपताना मास्तरांनी 'हात आहे हो लिहिता' हे मनात पुष्कळदा म्हणून पाहिलं.

मग तक्रारी वाढल्या. ताईसारखी बरीच दुकानं आचके देत होती, आणि बंद पडलेलं दुकान फुकट योजनासुद्धा वापरत नाही, हे हिशेबनिसाच्या लक्षात आलं. तातडीची बैठक बसली. साहेब गंभीर होते. "आज अपवाद म्हणून," ते म्हणाले, "'नाही' म्हणायला परवानगी आहे. जाहिराती ठेवायच्या की काढायच्या? मास्तर, या कामाला पहिल्यापासून तुम्हीच आकार दिलात. तुम्ही म्हणाल ते."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या एका शब्दाची वाट कुणी पाहत होतं, आणि तो शब्द त्यांच्या जिभेवर तयार होता. ताईचं गप्प बसलेलं मशीन त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"काढल्या तर," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्हाला परत 'कृपया थांबा'कडे जावं लागेल."

मास्तर उठले. घसा खाकरला.

"एकच सुधारणा सुचवतो," ते म्हणाले. "जाहिरातीखाली लेखकाचं नाव असावं. अगदी बारीक अक्षरात चालेल."

सुधारणा एकमताने मंजूर झाली. महिनाअखेरीला ताईचं मशीन विकलं गेलं. नावाचा आकार किती ठेवायचा यावर पुढे बराच खल झाला. मास्तरांचा आग्रह होता की बारीक म्हणजे चष्मा लावून तरी दिसलं पाहिजे, आणि रंग करडा नको, काळा हवा. शेवटी काळा ठरला.

आता तुम्ही मास्तरांना बोल लावाल. लावा. त्यांची हरकत नसते. दूषणं देणारी पत्रंही ते आवडीने वाचतात, कारण वाचल्याशिवाय कुणी दूषण देत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. कोण कुठल्या ओळीवर थांबतो, हे या गोष्टीपुरतंही मोजलं गेलं आहे. मशीन विकल्याच्या ओळीवर तुमच्यापैकी एकही जण थांबला नाही. सगळे नावाचा रंग कोणता ठरला, ते बघायला पुढे आलात.