बिननवरीची वरात

कार्यक्रम पार पाडण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडणार नाही, असं मी त्या डिसेंबरपर्यंत मानत होतो. कोळवणच्या खोऱ्यात भातखाचरांच्या मधोमध आमचं मॅनेजमेंटचं कॉलेज. तिथे मी विद्यार्थी कल्याण अधिकारी. हुद्दा ऐकायला मोठा वाटतो, पण काम म्हणजे गॅदरिंगचा मांडव घालून घेणं, पाहुण्यांना वेळेवर चहा पोचवणं आणि माइक बंद पडला की त्याला थापट मारणं. एकदा मंत्र्यांचा सत्कार होता आणि मंत्री आलेच नाहीत, नुसती गाडी आली. मी ड्रायव्हरला शाल-श्रीफळ देऊन वेळ मारून नेली. भाषणही त्याने बरं केलं.

तर २००९ सालची गोष्ट. त्या जुलैत दिल्लीच्या हायकोर्टाने निकाल दिला होता की, दोन सज्ञान माणसं आपल्या मर्जीने एकत्र आली, मग ते दोघं पुरुष असोत की दोघी बायका, तर तो गुन्हा होत नाही. पेपरांत भरभरून आलं. डिसेंबरात ज्ञानदा आणि अमोघ माझ्या केबिनमध्ये आले. ज्ञानदा बोलायला लागली की समोरच्याची सही झाल्याशिवाय सुटका नसते. अमोघ तिच्या वर्गातला, सांगलीकडचा, आणि इतका हळू बोलणारा की वर्गात त्याची हजेरीसुद्धा ज्ञानदाच द्यायची.

"सर, आम्हाला प्राइड वीक करायचाय," ज्ञानदा म्हणाली. "पोस्टर, चर्चा, एक नाटुकलं आणि शेवटच्या दिवशी सहा रंगांचे झेंडे घेऊन मिरवणूक. बँड लावून."

"प्राइड म्हणजे अभिमान," मी म्हणालो. "कशाचा?"

"लाज न वाटण्याचा, सर," अमोघ म्हणाला.

त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

मी हिंगोलीचा. आमच्याकडे या विषयावर कुणी बोलत नाही, आणि बोललंच तर हसण्यासाठी. पण त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघून मला हसू आलं नाही. मी आमच्या संचालक आशालता मॅडमकडे गेलो. मॅडम चांगल्या आहेत, पण घाबरट. त्यांनी तीन अटी घातल्या: मिरवणूक गेटच्या बाहेर जायची नाही, बाहेरचं माणूस आत यायचं नाही आणि पेपरात काही छापून यायचं नाही.

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

आठवडा झकास गेला. चर्चेत सगळ्यात जास्त प्रश्न आमच्या ग्रंथपालांनी विचारले. नाटुकलं बघताना मेसचा आचारी रडला आणि रात्रीची आमटी खारट झाली. राहिला फक्त बँड. तो ठरवायला मी पौडला जयसिंगकडे गेलो. जयसिंग म्हणजे बँडचा मालक, मास्तर आणि क्लॅरिनेटवाला, तिन्ही एकच.

"कशाचा कार्येक्रम हाय, सर?" त्याने विचारलं.

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण दुकानात चार माणसं चहा पीत बसली होती आणि चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"घरचंच कार्य आहे आपलं," मी म्हणालो.

"लगीन?"

"तसंच काहीतरी."

"कालेजातच करनार?"

"हो, कॉलेजातच."

जयसिंगने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "नवरदेवाला सोताला बँड ठरवाय यावं लागतंय, म्हंजी घरात वडीलधारं कुनी न्हाई वाटतं. आसू द्या. घोडं माज्याकडनं."

वय छत्तीस आणि लग्न झालेलं नाही, त्यामुळे लोक माझ्याशी असे मऊ होतात याची मला सवय आहे. मी म्हटलं, समजतोय तर समजू दे. घोडं आलं तर पोरांना गंमत वाटेल.

शनिवारी दुपारी पोरं गेटच्या आत जमली. गालांवर रंग, हातात झेंडे. काही जणांनी पुठ्ठ्याचे मुखवटे लावले होते. ज्यांच्या घरी माहीत नव्हतं ते. अमोघचा मुखवटा मोरपंखी होता. तेवढ्यात लांबून ढोल ऐकू आला. म्हटलं, वा, बँड वेळेवर आला. पण आवाज कॉलेजच्या रस्त्याने येत नव्हता, गावातून येत होता.

झालं होतं असं, की जयसिंग रस्ता चुकून गावात शिरला आणि मारुतीच्या देवळापाशी त्याने विचारलं, "कालेजातल्या विश्राम सरांचं लगीन कुटं हाय?"

बँडच्या मागे अर्धं गाव होतं. सगळ्यांच्या पुढे हैबतराव, डोक्याला फेटा बांधून. आमचं कॉलेज ज्या जमिनीवर उभं आहे ती त्यांनी विकलेली, त्यामुळे कॉलेज अजून त्यांना घरचंच वाटतं. त्यांच्याबरोबर त्यांची बायको रंभाबाई, हातात ओटीचं ताट. वॉचमन हैबतरावांच्या भावकीतला, त्याने गेट सताड उघडलं. मॅडमची एक अट तिथेच गेली.

"सर," हैबतराव म्हणाले, "आमच्या वावरात तुमचं कालेज हुबं हाय. तुमी लगीन करताय आन् आमाला बँडवाल्याकडनं कळतंय व्हय?"

ते चिडून बोलले असते तर मी खरं सांगितलं असतं. पण माणसाला मनापासून लागलं होतं.

"गडबडीत ठरलं हो," मी म्हणालो.

"मंग आमी कशाला हाओत?"

एवढं म्हणेपर्यंत दोघांनी मला काखेतून उचलून घोड्यावर बसवलं. कुणीतरी फेटा बांधला, कुणीतरी मुंडावळ्या. ज्ञानदा खालून माझ्याकडे बघत होती.

"सर, हे काय चाललंय?"

"नंतर सांगतो," मी वरून पुटपुटलो. "तू फक्त हसत राहा."

"नवरी कुटं हाय?" हैबतरावांनी विचारलं.

आता एकदा घोड्यावर बसल्यावर माणूस काय सांगणार? "येतेय," मी म्हणालो.

"कुटनं?"

"हिंगोलीहून."

"यष्टीनं? नवरी यष्टीनं येतीय?" हैबतराव मागे वळले आणि पुतण्याला म्हणाले, "जीप घिऊन पौडच्या स्टँडवर जा. एकलीच बाई दिसंल, हातात सामान आसंल. तीच."

जीप गेली. जन्माला न आलेली बाई आणायला माणूस धाडला गेला, आणि खोऱ्यात फोनला रेंज नव्हती. मला घोड्यावर घाम फुटला. घोड्यालाही तो जाणवला असावा, कारण ते सारखं अंग थरथरवत होतं.

इकडे रंभाबाई पोरांकडे बघत होत्या. "ही सरांकडची मंडळी व्हय? आन् त्वांडं का झाकल्यात?"

त्यांच्या सगळ्यात जवळ अमोघ होता. "ओळखीच्या कुणी बघू नये म्हणून, काकी."

"आरं लेकरा, हितं तुला वळखतंय कोन?"

अमोघने जरा विचार केला. त्याने मुखवटा काढून भिंतीच्या कठड्यावर ठेवला, घोड्यापाशी आला आणि मला म्हणाला, "सर, आता बास. मी सांगतो."

"अरे, थांब," मी म्हणालो. पण तो वळलासुद्धा होता.

"काका, काकी, इथे लग्न नाहीये. सर आमच्यासाठी खोटं बोलले. मला मुली आवडत नाहीत, मुलगा आवडतो. इथे अजून काही जण आहेत, मुली पण आहेत. आम्ही वर्षभर लपून राहतो, म्हणून आज एक दिवस उघड चालायचं ठरवलं होतं. बँड त्याच्यासाठी आहे."

तो नेहमीसारखा हळूच बोलला, पण त्या दिवशी मागच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. ढोलवाल्याच्या हातून टिपरू निसटून ढोलावर पडलं. धप्प.

"म्हंजी लगीन न्हाईच," रंभाबाई म्हणाल्या.

"नाही."

"आन् तुला पोरगा आवडतो."

"हो."

"कुनी हाय का मनात?"

अमोघचे कान लाल झाले. "होता. मेमध्ये त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न लावून दिलं."

रंभाबाई ताटातली सुपारी उगाच इकडची तिकडे करत राहिल्या. "मंग त्या पोरीचं बी वाटुळंच की," त्या शेवटी म्हणाल्या.

दोन म्हातारे निघून गेले. मागची तरणी पोरं फिदीफिदी हसायला लागली, हैबतरावांनी वळून बघितलं तेव्हा थांबली. मग हैबतरावांनी फेटा सारखा केला.

"मला ह्यातलं लई काय कळलं न्हाई," ते म्हणाले. "जे कळलं ते पटलं आसं बी न्हाई. पन बँड आलाय, मान्सं जमल्यात, घोडं हुबं हाय. आता माघारी जाऊन गावाला काय सांगू? चला, मारुतीपातुर जाऊन येऊ."

"म्हणजे गेटबाहेर?" मी विचारलं.

"मारुती काय तुमच्या हाफिसात हाय का?"

मी उतरायला लागलो तर म्हणाले, "बसा, बसा. रिकामं घोडं बरं दिसत न्हाई."

अशी ती मिरवणूक निघाली. पुढे जयसिंग क्लॅरिनेटवर लग्नाचीच धून वाजवतोय, कारण त्याला दुसरी येत नव्हती. मागे सहा रंगांचे झेंडे, फेटे, नऊवार, जीन्स. भात झोडणाऱ्या बायका खळ्यातून हात वर करून बघत होत्या. पहिल्या वळणापर्यंत पोरं अंग चोरून चालली. मग ज्ञानदा नाचायला लागली, तिच्यामागे सगळे, आणि अमोघ इतका वेडावाकडा नाचला की जयसिंगची फुंक चुकली.

देवळाच्या अलीकडे मोटारसायकलवरून एक माणूस आला, गळ्यात कॅमेरा. पौडचा वार्ताहर. पोरं जागच्या जागी थिजली. काहींनी मुखवटे चाचपले. अमोघने इकडे तिकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्याचा मुखवटा घोड्याच्या तोंडात होता. निघताना कठड्यावरून घोड्याने तो केव्हा उचलला कोण जाणे, आता नुसतं इलॅस्टिक लोंबत होतं.

अमोघच्या सांगलीच्या घरी पेपर येतोच. मी रिकिबीत पाय रोवून जमेल तेवढा उंच झालो.

"ओ पत्रकार," मी ओरडलो, "फोटो नवरदेवाचा काढतात की वऱ्हाडाचा?"

तो माझ्याकडे धावला. मी छाती काढली, मुंडावळ्या बाजूला केल्या, डावीकडून, उजवीकडून, जमेल तसा बसलो. पोरं घोड्याच्या पलीकडून हळूहळू देवळात गेली.

"नवरी कुठाय, सर?" त्याने विचारलं.

"रुसलीय," मी म्हणालो. त्या दिवसातलं हे शेवटचं खोटं. याचं मात्र मला वाईट वाटत नाही.

देवळात नारळ फुटला. रंभाबाईंनी नवरीच्या ओटीसाठी आणलेला दुसरा नारळ तसाच ताटात होता. त्यांनी तो अमोघच्या हातात दिला. "वटीचा नारळ माघारी न्हेत न्हाईत," म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या. अमोघ तो नारळ कुशीत धरून बराच वेळ ओट्यावर बसला होता. मी जवळ गेलो नाही.

तेवढ्यात जीप परतली. तिच्यातून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या, हातात सामान. त्या हिंगोलीच्या नव्हत्या, कोळवणलाच लेकीकडे निघाल्या होत्या. स्टँडवर एका पोराने "चला, तुमचीच वाट बगत्यात" म्हटलं, म्हणून बसल्या.

सोमवारी पेपरात माझा घोड्यावरचा फोटो. वर मथळा: ‘कोळवण खोऱ्यात नवरीविना वरात’. आशालता मॅडमनी बोलावून घेतलं. पेपर टेबलावर पसरलेला.

"बाहेर गेलात, गाव गोळा केलंत, पेपरात आलात," त्या म्हणाल्या. "पण कॉलेजचं नाव कुठे नाही, विषयाचं नाही. नुसते तुम्हीच आहात. मला तुमच्यावर रागावतासुद्धा येत नाही."

ज्ञानदाला मात्र आलं. "आम्ही आमच्या नावाने चाललो, सर, आणि छापून आलं तुमचं लग्न."

तिचं खरं होतं. अमोघ म्हणाला, "ज्ञानदा, आईला मीच सांगणार आहे. पेपराने सांगायला नको." मग तिने विषय सोडला.

माझा मावसभाऊ दिग्विजय माण गावात खोली घेऊन राहतो, तिथल्या आयटी कंपनीत आहे. त्याने तो पेपर वाचला आणि मला न विचारता हिंगोलीला फोन केला. संध्याकाळी कॉलेजच्या लँडलाइनवर आईचा फोन आला.

"लग्न केलंस आणि आईला दिग्याकडून कळावं?"

या वेळी मी आडवळण घेतलं नाही. पोरं कोण, मिरवणूक कशाची, मी घोड्यावर कसा, सगळं सरळ सांगितलं.

"त्या अमोघच्या आईला माहीत आहे?"

"अजून नाही. सुट्टीत सांगणार आहे."

"हळू सांग म्हणावं. आणि जेवणाच्या आधी नको. बाई उपाशी राहील."

"सांगतो."

मग तिने आवाज खाली आणला. "विश्राम, तुझंही तसं काही असलं तर सांगून टाक. मी काही म्हणणार नाही."

"नाही गं आई."

"नक्की नाही?"

"नक्की नाही."

आईने मोठा उसासा टाकला. "असतं तर बरं झालं असतं रे. निदान लोकांना सांगायला काहीतरी कारण तरी होतं."