अकरावा अभिप्राय

"वाचलं न्हाय तर न्हाय, पन मत माझं हाय. ते मी सोडनार न्हाय," गुणाबाई प्रितेशच्या कानाशी पुटपुटली आणि परत चंद्राकडे वळली. "हां, तर बोल. पुस्तकातल्या त्या बाईनं त्याला पाणी कनाला न्हाय दिलं? विहीर काय तिच्या बापानं खणलेली?"

"खुन्याच्या भावाला कोण पाणी देणार?" चंद्रा पलीकडच्या खुर्चीवरून म्हणाला. "ताग्याच्या एका टोकाला डाग असला ना, तर गिऱ्हाईक दुसरं टोक उलगडून पण बघत नाय. तीस वर्षं लूम चालवतोय मी, मला शिकवू नको."

सुकट विकणारी गुणाबाई आणि लूमवाला चंद्रा. दोघांनीही ते पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. प्रितेशला हे पक्कं ठाऊक होतं, कारण दोघांची मतं त्यानेच लिहिली होती.

झालं असं की, टेमघरच्या वाचनालयाची तपासणी होती. 'ड' वर्गाचं वाचनालय 'क' वर्गात जावं म्हणून ग्रंथपाल केसरीनाथकाका दोन वर्षं झटत होते. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवायचा आणि वाचणाऱ्याने त्यावर अभिप्राय लिहून खाली नाव टाकायचं, असा काकांचा नियम. नियम चांगला होता, फक्त कागद कोरे होते. मागच्या तपासणीला मॅडमनी एक पुस्तक उघडलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "अजून छापखान्याचा वास येतोय."

म्हणून या वेळी काकांनी प्रितेशला गाठलं. नववीतून शाळा सोडलेला हा पोरगा रोज पंख्याखाली येऊन बसायचा. वाचायची आवड म्हणून नव्हे. वाचनालयात कोणी येत नाही, एवढ्यासाठीच. पण बसून बसून त्याने निम्मं कपाट संपवलं होतं.

"एक कादंबरी घे, दहा अभिप्राय लिव, दहा नावं टाक," काका म्हणाले. "मॅडम कागद बघतील, मान हलवतील, चहा पिऊन जातील. कोन विचारतंय?"

प्रितेशने कादंबरी निवडली ती चारशे पानांची. कुठल्याशा संस्थानात एकाने भर दरबारात राजाला भोसकलं आणि सुळावर गेला. मरून तो एका दिवसात सुटला. त्याचा धाकटा भाऊ मात्र पुढे चाळीस वर्षं जगला. गाव बदललं, आडनाव बदललं, "मला भाऊ नाही" असं तीन गावांत सांगितलं, तरी कोणीतरी ओळखायचंच. "हा त्याचा भाऊ."

प्रितेशने ती तीन दिवसांत संपवली. कारण त्यालाही गावात नाव नव्हतं. तो 'नो-बॉलचा भाऊ' होता.

तीन वर्षांपूर्वी गावदेवी चषकाच्या फायनलला शेवटचा एक बॉल आणि समोरच्या राहनाळ गावाला पाच रन हवे होते. बॉलर भूपेश, प्रितेशचा थोरला भाऊ. पाय रेषेच्या वीतभर पुढे पडला, नो-बॉल, आणि पुढच्या फ्री-हिटला बॉल थेट कोणाच्या तरी गोठ्यात. दोन महिन्यांनी भूपेशला काम लागलं ते पण राहनाळच्याच गोडाऊनमध्ये. गाव म्हणालं, बघा, हिशोब चुकता झाला. तिकडे निम्म्या भिवंडीला काम मिळतं, हे कोणाला आठवलं नाही. शाळेत सरसुद्धा "तू त्याचाच ना रे" म्हणाले, तेव्हा प्रितेशने दप्तर बाकावरच टाकलं आणि घरी निघून आला. आणि कप्तान कुमार त्याला टीममध्ये घेत नव्हता. प्रितेश बॉल टाकायचा तर स्टंप हातभर मागे उडून पडायचा, पण कुमारचं एकच: "पाय घराण्यातून येतो."

रविवारी चषकाची पहिली मॅच होती.

म्हणून अभिप्राय लिहिताना प्रितेशने आधी गुणाबाईच्या नावावर धाकट्याची बाजू घेतली. सगळे एकच बोलले तर संशय येईल, म्हणून चंद्राच्या नावावर उलटी बाजू लिहिली. कुमारचं नाव आलं तेव्हा पेन जरा थांबलं. मग सुटलं.

सगळं कागदावर राहिलं असतं. पण हॉल भरलेला दिसावा म्हणून काकांनी बटाटवड्यांचं आमिष दाखवून माणसं गोळा केली, आणि मॅडमनी अभिप्राय वाचून चष्मा काढला. म्हणाल्या, "इतकं मनापासून लिहिलेलं मी जिल्ह्यात कुठं वाचलं नाही. या गुणाबाई कोण? उभ्या राहा पाहू."

गुणाबाईने काकांकडे पाहिलं. काकांनी मॅडमच्या मागे उभं राहून हात जोडले. गुणाबाई उभी राहिली. मॅडमनी तिचं मत मोठ्याने वाचलं, हॉलने टाळ्या वाजवल्या. साठ वर्षांत तिच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. त्यानंतर ते मत तिचंच झालं. मग चंद्राचं वाचलं, त्यालाही टाळ्या पडल्या, आणि दोघं जुंपले. पाच मिनिटांत हॉलचे दोन भाग झाले, विहिरीवाले आणि तागेवाले. मॅडम भराभर टिपणं घेत होत्या.

"आता कुमार," मॅडम म्हणाल्या.

कुमार तोंडात वडा असताना उभा राहिला. मॅडम वाचू लागल्या, "मोठ्याने केलं ते मोठ्याचं. त्यासाठी धाकट्याला रांगेतून बाहेर काढणारे लोक शूर नव्हते, भित्रे होते. कुमार, कप्तान." त्यांनी वर पाहिलं. "वा. तुमच्यासारखे तरुण असा विचार करतात, हे बरं वाटलं."

टाळ्या पडल्या. कुमारने वडा गिळला. त्याने प्रितेशकडे पाहिलं, प्रितेशने छताच्या पंख्याकडे.

टाळ्या थांबल्यावर गुणाबाईचा आवाज आला. "असं हाय तर तू प्रितेशला टीममधी कनाला घेत न्हाय?"

हॉलमधल्या सगळ्या माना कुमारकडे वळल्या.

"मावशी, तो विषय वेगळा हाय."

"कसा वेगळा? आता वाचलं ना बाईंनी. भित्रे होते म्हनून लिवलंस."

"मी तेच तर सांगतोय," चंद्रा कुमारच्या मदतीला धावला. "कापड एकाच ताग्याचं..."

"तू गप," कुमार म्हणाला. मॅडम त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या. पहिल्यांदाच त्याला कोणी विचारवंत समजत होतं, आणि ते सोडायला त्याला जड जात होतं. "घेनारच होतो," तो शेवटी म्हणाला. "रविवारी. दुसरी ओव्हर त्याची."

निघताना तो प्रितेशला खेटून गेला. "अक्षर तुझंच हाय, कळतं मला. पाय रेषेच्या मागं ठेव. पुढं पडला ना, तर मी पन एक अभिप्राय लिवीन."

मॅडमनी 'क' वर्गाची शिफारस करते म्हणून सांगितलं. काकांनी डोळे पुसले. लोक पांगले. प्रितेश खुर्च्या एकावर एक रचत होता आणि आतून उड्या मारत होता. जिंकला होता. आपणच लिहिलेलं पुन्हा वाचायची हौस आली म्हणून त्याने पुस्तक उघडलं, शेवटचा कागद काढला.

दहा अभिप्राय त्याच्या निळ्या पेनाने लिहिलेले. अकरावा कागदाच्या मागच्या बाजूला, जाड काळ्या मार्करने. गोडाऊनमध्ये खोक्यांवर नंबर घालतात, तसला मार्कर. पुस्तक चार दिवस घरात पडून होतं, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. मॅडमनी दहावा वाचून पुस्तक मिटलं होतं, कागद उलटलाच नव्हता.

'धाकट्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण सुळावर चढवला तेव्हा मोठा गर्दीत धाकट्याला शोधत होता. धाकट्याने एक हाक मारायला पाहिजे होती. भूपेश.'

प्रितेशला ती फायनल आठवली. मॅच सुटल्यावर राहनाळच्या कोणीतरी विचारलं होतं, "तो बॉलर तुझा कोन?" आणि भूपेश चार पावलांवर बुटाची लेस सोडत बसलेला असताना प्रितेश म्हणाला होता, "कोनी न्हाय. शेजारचा हाय." त्या दिवसापासून दोघं भाऊ एका घरात जेवत होते, पण एकमेकांशी बोलायचे ते आईच्या मार्फत.

"काय रे, थांबलास?" काका म्हणाले. "अजून वीस खुर्च्या हायत."

"सकाळी येऊन लावतो काका. राहनाळची शिफ्ट सहाला सुटते," प्रितेश म्हणाला. पुस्तक त्याने शर्टात खुपसलं होतं आणि एक पाय चपलेत होता. "गेटवर कोनाला तरी हाक मारायची हाय. मना आता निघायला पायजे."