खिशातल्या पोथीचं पारायण

विश्वनाथराव पाटणकरांनी त्या दसऱ्याला पूजेत नेहमीसारखा स्क्रूड्रायव्हर मांडला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आदल्या वर्षी तो स्क्रूड्रायव्हर पाहून त्यांचे वडील अण्णा म्हणाले होते, "तू कम्प्युटरवाला आहेस की फिटर?" हा प्रश्न विश्वनाथरावांना वर्षभर टोचत राहिला. त्यामुळे यंदा काहीतरी भारदस्त मांडायचं, असं त्यांनी सकाळी दाढी करतानाच ठरवून टाकलं.

सरोजिनी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये दसऱ्याची पूजा साग्रसंगीत व्हायची. आपट्याची पानं दिल्लीत कुठून मिळणार, म्हणून कॉलनीच्या पार्कातल्या कचनारची, म्हणजे आपल्या कांचनाची, पानं तोडून आणायची आणि तीच सोनं म्हणून वाटायची, एवढीच काय ती तडजोड. सातवीतल्या मानसनं आपली शाळेची झाडून सगळी पुस्तकं पाटावर रचली. (पूजेतलं पुस्तक दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही, म्हणजे दिवसभर अभ्यास नाही, एवढं धर्मशास्त्र त्याला तोंडपाठ होतं.) अण्णांनी पस्तीस वर्षं मंत्रालयात ज्यानं फायलींवर शेरे मारले ते फाउंटन पेन ठेवलं. विश्वनाथरावांची बायको वीणा हिनं ऑफिसचा कॅल्क्युलेटर ठेवला. मग विश्वनाथरावांनी पँटच्या मागच्या खिशातून एक पुस्तिका काढली आणि त्या ढिगावर ठेवत ते म्हणाले, "हे माझं हत्यार."

अण्णांनी चष्मा सारखा केला, पुस्तिकेवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि पहिल्यांदाच मुलाकडे जरा कौतुकानं पाहिलं. विश्वनाथराव त्या कौतुकातच घराबाहेर पडले. आज ऑफिस अर्ध्याच दिवसाचं होतं. तेवढ्यात काय आभाळ कोसळणार आहे, असं त्यांना वाटलं.

त्या पुस्तिकेची हकिकत सांगायला हवी. ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. विश्वनाथराव नोएडातल्या पंखे आणि मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीत होते. कंपनीचा सगळा माल, सगळे डीलर आणि सगळ्या ऑर्डरी ज्या डेटाबेसात साठवलेल्या असत, तो सांभाळायचं काम दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यात पडलं होतं. तोवर ते डिस्पॅचला होते. संध्याकाळी कम्प्युटरवर न विसरता कव्हर घालणारे तेवढेच एक होते, हीच त्यांची लायकी धरली गेली. सहा दिवसांचं ट्रेनिंग झालं. त्यातले दोन दिवस त्यांना ताप होता.

कंपनीनं डेटाबेसाबरोबर अकरा जाडजूड ग्रंथही विकत घेतले होते. ते मॅनेजर गुलाटीसाहेबांच्या काचेच्या कपाटात कुलपात असत आणि पाहुण्यांना दाखवले जात. त्यातली एखादी गोष्ट शोधायला बसलं, तर शोधणारा रिटायर व्हायचा. विश्वनाथरावांनी मग नई सडकवरच्या दुकानातून पोस्टकार्डाएवढी, सव्वाशे पानांची एक पुस्तिका पैदा केली. डेटाबेस सांभाळणाऱ्याला रोज लागतं तेवढंच तीत होतं. काय अडलं तर काय करायचं, कुठली आज्ञा द्यायची आणि कुठली चुकूनही द्यायची नाही. त्या अकरा ग्रंथांचा अर्क कुणीतरी काढून त्यांच्या खिशात घातला होता.

पण खिशातून काढून सगळ्यांसमोर वाचणार कशी? ज्याला पुस्तक बघावं लागतं त्याला काही येत नाही, असं गुलाटीसाहेबांचं ठाम मत होतं. तेव्हा काही बिघडलं की विश्वनाथराव "एक मिनट" म्हणून बाथरूममध्ये जात, कडी लावत, पान उघडून आज्ञा तीनदा पुटपुटत, फ्लशची साखळी ओढत (पुरावा म्हणून) आणि बाहेर येऊन बिनचूक टाइप करत. दोन वर्षांत त्यांचं नाव झालं. विश्वनाथजींचं डोकं बाथरूममध्येच चालतं, असं ऑफिसात आदरानं बोललं जाई. डिस्पॅचच्या दिलीपनं तर त्यांच्या टेबलावर इसबगोलचा डबा आणून ठेवला होता.

या नावलौकिकाला आता फळ येऊ घातलं होतं. कंपनी गुडगावला नवं ऑफिस उघडत होती आणि तिथल्या कम्प्युटर विभागाच्या प्रमुखाला सातव्या मजल्यावरचा, लिफ्टवाला फ्लॅट मिळणार होता. लिफ्टचं विश्वनाथरावांना फारसं कौतुक नव्हतं. त्यांना हवी होती दारावरची पाटी. सरोजिनी नगरचं क्वार्टर वीणाला, तिच्या सरकारी नोकरीमुळे मिळालेलं. दारावर चौदा वर्षं पाटी होती 'श्रीमती वीणा पाटणकर'. पोस्टमन, गॅसवाला, शेजारचे चोप्रा, सगळे त्यांना "वीणाजी के हस्बंड" म्हणत. वीणानं यावरून त्यांना कधी एका शब्दानं हिणवलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे त्यांना जास्तच वाईट वाटे. एकदा तरी आपल्या नावाच्या पाटीखालून घरात शिरावं, एवढीच त्यांची इच्छा होती. गुडगावचं नाव आज संध्याकाळी कंपनीचे मालक सेठजी पक्कं करणार होते.

आणि नेमकं आज, साडेदहा वाजता, सगळे कम्प्युटर गोठले.

आठही स्क्रीन जिथल्या तिथं थांबले. दिवाळीच्या ऑर्डरी घेणाऱ्या मुली की-बोर्ड बडवू लागल्या. लुधियाना आणि मेरठचे डीलर फोनवर ओरडू लागले. गुलाटीसाहेब केबिनमधून बाहेर आले, पण घाबरलेले नव्हते. त्यांनी विश्वनाथरावांच्या पाठीवर हात ठेवला आणि अत्यंत विश्वासानं बाथरूमच्या दिशेनं बोट दाखवलं.

विश्वनाथराव गेले. कडी लावली, हात मागच्या खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. खिशात कचनारची दोन पानं होती.

अडकलेला डेटाबेस सोडवायच्या दोन आज्ञा अठ्ठेचाळीसाव्या पानावर एकाखाली एक होत्या, हे त्यांना लख्ख आठवत होतं. एकीनं काम जिथं थांबलं तिथून सुरू होई. दुसरीनं सगळं पुसलं जाऊन पाटी कोरी होई. पण वरची कुठली आणि खालची कुठली, हे काही केल्या आठवेना. दिसायला दोघी जुळ्या बहिणींसारख्या. चुकीची दिली तर दिवाळीच्या सगळ्या ऑर्डरी गेल्या, आणि त्यांच्यामागून पाटी. त्यांनी सवयीनं साखळी ओढली आणि रिकाम्या डोक्यानं बाहेर आले.

बाहेर सगळे वाट बघत होते. विश्वनाथराव म्हणाले की घरी एक फोन करावा लागेल. समोरचा पीसीओ दसऱ्यामुळे बंद, म्हणजे फोन गुलाटीसाहेबांच्या केबिनमधूनच करायचा होता. मुख्य कम्प्युटर शेजारच्या काचेच्या खोलीत होता आणि रिसीव्हरची वायर तिथवर पोचत नव्हती. गुलाटीसाहेबांनी मदत म्हणून स्वतःच स्पीकरचं बटन दाबलं. आता पलीकडचं बोलणं अख्ख्या मजल्याला ऐकू जाणार होतं. विश्वनाथरावांना एवढाच दिलासा होता की मराठी इथं कुणाला कळत नाही.

फोन अण्णांनी घेतला. त्या घरात फोन देवघराच्या शेजारीच होता.

"अण्णा, माझी ती पुस्तिका जरा उचला आणि अठ्ठेचाळीसावं पान काढा."

"उत्तरपूजा उद्या आहे," अण्णा म्हणाले.

विश्वनाथरावांनी अजिजी केली. अण्णांनी नियम सांगितला. विश्वनाथराव म्हणाले की वीणाला द्या, तर ती चोप्रांकडे सोनं वाटायला गेली होती. मानसला द्या म्हणाले, तर मागून मानसचा आवाज आला की पूजेतलं पुस्तक हलवलं तर पाप लागतं, आणि मग त्याचं गणिताचं पुस्तकही हलवावं लागेल. शेवटी ते हळूच म्हणाले, "अण्णा, माझ्या पाटीचा प्रश्न आहे हो."

पाटीचं दुःख अण्णांना न सांगताही ठाऊक होतं. शिवाय नियम न मोडता काम कसं करायचं, यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती.

"उचलता येणार नाही," ते म्हणाले. "पण पोथी जागेवर ठेवून वाचता येते. मात्र वाचायची तर पहिल्यापासून. मधलंच पान उघडून वाचायची आपल्यात पद्धत नाही. आणि एकदा बसलो की अध्याय पुरा होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही."

मग स्पीकरमधून नळाचा आवाज आला. अण्णा हातपाय धूत होते. पाट सरकवल्याचा आवाज आला. घंटा वाजली. "श्रीगणेशाय नमः" असं खणखणीत म्हणून अण्णांनी पुस्तिकेच्या पहिल्या अध्यायाला हात घातला, तो थेट पोथीच्या चालीत. अण्णांना इंग्रजी उत्तम येत असे, पण पूजेच्या पाटावर बसून ते दुसऱ्या कुठल्या चालीत वाचणं त्यांना शक्यच नव्हतं. प्रत्येक ओळीचा शेवट ते लांबवत होते आणि अर्ध्यावर दम घेत होते. मानस मधूनमधून घंटा वाजवत होता. त्यात फोनची खरखर. ही भाषा इंग्रजी आहे, हे जन्मजात इंग्रजालाही कळलं नसतं.

ऑफिसात हळूहळू शांतता पसरली. दिलीपनं बूट काढले. त्याचं पाहून मुलींनी चपला काढल्या. गुलाटीसाहेबांनी खिशातला रुमाल डोक्यावर घेतला आणि डोळे मिटून हात जोडले.

विश्वनाथराव सारखे घड्याळाकडे बघत होते. अठ्ठेचाळीसावं पान यायला अशा चालीत दिवाळीच उजाडली असती. पण कान आपोआप तिकडे लागले होते, आणि तिसऱ्या का चौथ्या ओळीला अण्णांनी लांबलचक हेल काढून म्हटलं, "बिफोर यू टच एनीथिंग, सी इफ द डिस्क इज फुऽऽल."

विश्वनाथराव चपापले. दोन वर्षांत त्यांनी पहिला अध्याय कधी उघडलाच नव्हता. (बाथरूममध्ये प्रस्तावना वाचायला कुणाला वेळ असतो?) त्यांनी काचेच्या खोलीत जाऊन डिस्क पाहिली. काठोकाठ भरलेली होती. आत होत्या त्यांनी स्वतः रोज न चुकता घेतलेल्या नकला. पान एकतीस सांगतं म्हणून दोन वर्षं त्यांनी रोज डेटाबेसाची नक्कल काढली होती, आणि वीणा जसा श्रीखंडाचा एकही रिकामा डबा टाकत नाही, तशी त्यांनी एकही जुनी नक्कल टाकली नव्हती. त्यांच्या काळजीनंच डेटाबेसाचा श्वास कोंडला होता.

त्यांनी आदल्या वर्षीच्या नकला पुसल्या. बाहेर एकेक करून आठही स्क्रीन हलू लागले. एका मुलीच्या तोंडून "जय माता दी" निघालं. पण अण्णा थांबणार नव्हते, कारण अध्याय पुरा व्हायचा होता. पुढची पंचवीस मिनिटं अख्खं ऑफिस अनवाणी उभं राहिलं आणि लुधियानाचे डीलर होल्डवर राहिले. शेवटी अण्णांनी "इति प्रथमोऽध्यायः" म्हटलं, तेव्हा गुलाटीसाहेब स्पीकरपुढे वाकले आणि म्हणाले, "पंडितजी, प्रणाम. आपकी कृपा बनी रहे."

अण्णांनीही कुणीतरी सभ्य माणूस दिसतोय म्हणून मोकळ्या मनानं आशीर्वाद देऊन टाकला.

खरं काय ते सांगायला विश्वनाथरावांनी तोंड उघडलं होतं. पण खरं सांगायचं तर पुस्तिका सांगावी लागणार, पुस्तिका सांगायची तर बाथरूम सांगावं लागणार. त्यांनी तोंड मिटलं आणि खिशातली कचनारची दोन पानं गुलाटीसाहेबांच्या हातावर ठेवली. साहेबांनी ती प्रसाद म्हणून खाल्ली.

विश्वनाथरावांना गुडगाव मिळालं, पण अट घालून. पिताजींनीही तिकडेच राहायचं आणि फोन त्यांच्या देवघरातच हवा. त्यानंतर काही बिघडलं की गुलाटीसाहेब विश्वनाथरावांना विचारत नसत, थेट घरी फोन करत. अण्णांनी पुस्तिका लाल वस्त्रात बांधून ठेवली होती आणि आंघोळ केल्याशिवाय तिला कुणी, म्हणजे विश्वनाथरावांनीसुद्धा, हात लावायचा नाही असा नियम केला होता. एव्हाना अण्णांचे तीन अध्याय तोंडपाठ झाले होते. फोनवर ते सांगत त्या दुरुस्त्या बहुतेक वेळा बरोबर निघत.

राहायला गेले त्या रविवारी गुलाटीसाहेब मिठाई आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू घेऊन आले. विश्वनाथरावांनी कागद सोडवला. आत पितळेची पाटी होती. चौदा वर्षं जिची वाट पाहिली ती हातात होती आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी ती पुसून वाचली. 'पं. बळवंतराव पाटणकर', म्हणजे अण्णा. खाली बारीक अक्षरात, 'घंटी बजाने से पहले जूते उतारें'.

वीणानं पाटी पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि हसू आवरत म्हणाली, "अहो, असू दे. आडनाव तर तुमचंच आहे ना?"

ते आडनावही मूळचं अण्णांचंच होतं, पण विश्वनाथरावांनी तो मुद्दा काढला नाही. ते स्क्रूड्रायव्हर शोधून दारात स्टुलावर चढले आणि पाटी बसवू लागले. शेवटचा स्क्रू पिळत असताना समोरच्या फ्लॅटमधल्या बाई लिफ्टमधून बाहेर आल्या. त्यांनी पाटीला नमस्कार केला आणि स्टुलावरच्या माणसाला विचारलं, "फिटर भैया, पंडितजी का काम हो जाए तो हमारा भी एक पंखा लगा दोगे?"

विश्वनाथरावांनी हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं.

"आता हूँ जी," ते म्हणाले, "एक मिनट."