दर सोमवारी तुंबणारं गटार

नाथाजींच्या मते सातारा-सांगली पट्ट्यात खरी नजर असलेला माणूस एकच होता, आणि तो रोज सकाळी त्यांच्याच आरशात दाढी करायचा. लष्करात अठरा वर्षं काढली, नुसत्या वासावरून शत्रू ओळखला, असं ते सांगत. ती अठराही वर्षं लंगरात रस्सा ढवळण्यात गेली, हे मेढ्यात फक्त यासीन टेलरला ठाऊक होतं. पण गल्लीतल्या त्यांच्या तपासांत यासीन पडला त्यांचा सहायक. त्यानं गप्प बसायचं ठरलेलंच होतं.

प्रकरण गंभीर होतं. गल्लीतलं गटार दर सोमवारी तुंबायचं आणि घाण पाणी नेमकं अख्तरबींच्या अंगणात चढायचं. येत्या सोमवारी त्यांच्या नातीला, अरिबाला बघायला शिरवळचे पाहुणे येणार होते. मुलाच्या कारखान्याला सुट्टीच त्या दिवशी. फोटोवरूनच अरिबाला मुलगा मनापासून आवडला होता. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावून माघारी जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

नाथाजींनी यासीनचं भिंग घेतलं. मंगळवारी त्यांना यात घातपात दिसला, बुधवारी उंदरांची संघटित टोळी. गुरुवारी चेंबरजवळ शर्टाचं बटण सापडलं आणि त्यांनी दोन तास यासीनचीच उलटतपासणी घेतली. यासीन तेवढ्या वेळात त्यांच्याच पँटला चेन बसवत होता. रविवारी डोकं चालावं म्हणून त्यांनी नेहमीसारखं स्वतः मटण केलं आणि लष्करी शिस्तीत पातेलं मोरीत लख्ख धुतलं.

सोमवारी सकाळी अंगण भरलं. पाहुणे निघाल्याचा फोन आला तशी अरिबा उंबऱ्यातच रडायला लागली. गुन्हेगार सराईत असल्याचं नाथाजी सांगत होते, तोवर गटारसफाईच्या जोतिबांनी चेंबरात बांबूची पट्टी घातली. विटेएवढा पांढरा गोळा बाहेर आला आणि पाणी घळाघळा ओसरलं. नाथाजींनी भिंगातून पाहून तो स्फोटक असल्याचं जाहीर केलं आणि सगळ्यांना मागं सारलं.

त्यांच्या पत्नी राहीबाईंनी काठीनं गोळा उलटा केला. खाली तमालपत्र चिकटलं होतं.

“चरबी हाय ही. आवं, रविवारचं पातेलं कोण धुतंय आपल्यात?”

“पण मी उकळतं पाणी वततो. लंगरात तसंच धुवायचो.”

“तितं मोठं उघडं गटार असंल,” जोतिबा म्हणाले. “हितं चार इंची पाईप. कोपऱ्यापत्तुर पाणी गार हुतं, चरबी थिजती. आदी कागदानं पुसायचं, कागद कचऱ्यात, मग भांडं मोरीत.”

दुपारी कोरड्या अंगणात अरिबाचं लग्न ठरलं. जेवणं झाल्यावर अख्तरबींनी बिर्याणीची सगळी पातेली आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा नाथाजींपुढं ठेवला. तुमच्यासारखा अनुभवी माणूस गल्लीत दुसरा न्हाई, असंही म्हणाल्या.

पुसता पुसता नाथाजींनी यासीनला वहीत उतरवून घ्यायला लावलं, की आरोपी माजी सैनिक असून स्वच्छतेच्या बाबतीत कट्टर आहे व स्वतःहून शरण आला आहे. बटणाच्या आरोपातून आपण सुटलो, याचं यासीनला खरोखर बरं वाटलं. त्यानं आरोपीचं नाव काय लिहू, असं विचारलं.

नाथाजींनी पातेल्याचा तळ उजेडात धरून नीट पाहिला.

“नाव राहू दे गड्या. तपास चालू हाय.”