जळबाच्या ताटाचे टोले

कुरुंद्याच्या जळबाचा घास गेल्या हिवाळ्यापासून नरड्यात अडकायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, भाकर मऊ करून खा, सावकाश खा आणि एकट्यानं जेवू नका. आता बायको जाऊन चार वर्षं झालेल्या माणसानं जेवायला सोबत आणायची कुठून? भीतीनं तो अर्धपोटीच उठायचा. नांदेडला एकटाच खोली करून राहणारा त्याचा पोरगा प्रेमानंद म्हणाला, घराला कुलूप लावा अन् इकडं या. हे ऐकून तर जळबाचा उरलेला घासही खाली उतरेना.

तोड काढली भिंतीपलीकडच्या सोजराबाईनं. तीही एकटीच. "भाऊ, घास गेला की ताटावर चमचा एकडाव वाजवा," ती म्हणाली. "अडकला की दोनदा. मी येऊन पाठीत बुक्की घालते."

युक्ती लागू पडली. इतकी, की अख्खी गल्ली टोले मोजायला लागली. विसाच्या आत थांबले, तर समोरची रुख्मिणीबाई कढी घेऊन हजर.

रविवारी प्रेमानंद बापाला न्यायलाच आला. जळबानं शर्त घातली, आज एकही घास अडकला न्हाई तर मी इथंच राहणार. बापलेक जेवायला बसले. जळबाचे अकरा टोले सुरळीत गेले. प्रेमानंदला मात्र मोबाइल बघत भराभर गिळायची सवय. कुलपाचं बोलता बोलता त्यानं भरताचा मोठा घास कोंबला आणि त्याचेच डोळे पांढरे झाले.

जळबाच्या तोंडात बारावा घास. बोलता येईना, म्हणून त्यानं दोनदा वाजवलं. सोजराबाई धावत आली आणि सवयीनं तिनं जळबाच्याच पाठीत घातली. तो पोराकडं बोट दाखवत पुन्हा दोनदा वाजवू लागला, तिनं पुन्हा घातली. तोवर रुख्मिणीबाई पोचली, मागून गल्ली पोचली, आणि ज्याला जागा मिळाली त्यानं जळबाला बडवलं.

"मी न्हाई, ते पोरगं," जळबा कसाबसा म्हणाला.

बापाचे हाल बघून प्रेमानंदला असं हसू फुटलं, की ठसका लागून घास टुणकन बाहेर पडला. जीव भांड्यात पडला बिचाऱ्याचा. त्यानंतर कुलपाचं नाव कुणी काढलं नाही. जाताना त्यानं मुकाट्यानं एक ताट आणि चमचा पिशवीत टाकला.

आता संध्याकाळी सातला जळबा पोराला लावलेला फोन मधोमध ठेवून जेवायला बसतो. सोजराबाई आपलं ताट घेऊन इकडंच येते. नांदेडहून दोन टोले ऐकू आले, की ती न विचारता जळबाच्या पाठीत घालते. तिकडं प्रेमानंदचा घास बराबर खाली उतरतो.