ब्रॉल म्हणजे गोंगाटाचं भांडण

गुरुवारी सकाळी परिपाठ संपला, मुलं वर्गात येऊन बसली, तरी ज्योत्स्नाला ‘आजचा शब्द’ सुचत नव्हता. हिंगणटाक्याच्या शाळेत रुजू होऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं बिनबोभाट काढली की नोकरी कायम होणार होती. बिनबोभाट काढायची तर मुख्याध्यापक प्रविणसरांचे उपक्रम मनोभावे राबवायला हवेत, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. रोज एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि वाक्यात उपयोग फळ्यावर लिहायचा आणि त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, हा सरांचा सगळ्यात लाडका उपक्रम.

मागच्या बाकावर दोन पोरं पट्टीवरून एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. ते ऐकून तिला शब्द सापडला. तिने लिहिलं, ‘ब्रॉल – गोंगाटाचं भांडण.’ आता वाक्य. वाक्यात नाव घातल्याशिवाय मुलांना मजा येत नाही; पण वर्गातल्या कुणाचं नाव घेतलं की दिवसभर त्याला चिडवतात. म्हणून तिने हजेरीत नसलेलं, जरा भारदस्त नाव निवडलं. गोंगाटाचं भांडण कुठे होतं? लग्नात. फळ्यावर वाक्य उमटलं : ‘देअर वॉज अ ब्रॉल ॲट विजयसिंह्ज वेडिंग.’

फोटो गेला. मधल्या सुट्टीत तिने फोन पाहिला तर ग्रुपवर त्रेसष्ट मेसेज. कुणीतरी तो फोटो फोनमधल्या भाषांतराला दाखवला होता आणि फोनने सांगितलं होतं, ‘विजयसिंहच्या लग्नात हाणामारी झाली.’

खिचडीचं पातेलं उतरवून शाळेच्या स्वयंपाकीण मंगलबाई पदराला हात पुसत धावतच आल्या.

“मॅडम, हे काय लिवलं तुमी?”

“का? उदाहरण आहे ते.”

“अवो, विजयसिंह म्हंजी इठ्ठलराव मालकाचं पोरगं! माजी सरपंचाचं! रविवारी लगीन हाय त्याचं. तलवाड्याची पोरगी हाय.”

“मला कसं माहीत असणार? मी तर असंच नाव घेतलं.”

“ते ऱ्हाऊ द्या. पर लगीन व्हायचंय आजून. तुमी ‘झाली’ कावून लिवलं?”

याचं उत्तर व्याकरणात होतं, पण ते ऐकून घ्यायला मंगलबाईंना वेळ नव्हता. खिचडी वाढायची होती. ज्योत्स्नाने फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला आणि सुटकेचा निःश्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत ग्रुपवर पहिला मेसेज पडला : ‘मॅडमवर दबाव आला.’ दुसरा : ‘खरं बोललं की असंच होतं.’ तिसऱ्याने नुसतेच हात जोडले होते.

ती प्रविणसरांच्या खोलीत गेली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मॅडम, आत्ता विठ्ठलरावांचा फोन आला होता. व्याही विचारतायत, पोराचं आधी एक लग्न झालंय का म्हणून.”

“आधी?”

“तुम्ही ‘वॉज’ लिहिलंय ना. झालेल्या लग्नात हाणामारी झाली. मग हे झालेलं लग्न कुठलं? आपल्या ग्रुपमधल्या एकीची बहीण तलवाड्याला दिलेली आहे. तिच्याकडून ते थेट मुलीच्या बापाच्या फोनवर गेलं.”

“सर, मी खुलासा टाकते. तसं काही झालं नाही म्हणून.”

“टाका. पण इंग्रजीतच टाका. उपक्रम इंग्रजीचा आहे.”

तिने टाकलं, ‘देअर वॉज नो ब्रॉल ॲट विजयसिंह्ज वेडिंग.’ फोनने इमानेइतबारे भाषांतर केलं, ‘विजयसिंहच्या लग्नात हाणामारी झाली नाही.’

दहा मिनिटांत सरांचा फोन पुन्हा वाजला. सर उभे राहून बोलले, बसून ऐकत राहिले आणि शेवटी फोन टेबलावर पालथा ठेवला.

“व्याही म्हणतात, म्हणजे आधीचं लग्न शांततेत पार पडलं म्हणायचं.”

ज्योत्स्ना रडायच्या बेतात आली. चार वर्षं बीडला क्लास लावून, परीक्षा देऊन मिळालेली नोकरी, आणि ती क्रियापदाच्या एका काळापायी जायची वेळ आली होती. तिने मराठीत लिहावं असं सुचवलं. पण सरांच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला होता.

“चूक काळात आहे ना? लग्न रविवारी आहे. मग भविष्यकाळ करा!”

ती नको नको म्हणत असताना सरांनी स्वतःच्या फोनवरून टाकलं, ‘देअर विल बी नो ब्रॉल ॲट विजयसिंह्ज वेडिंग.’ विजयसिंहच्या लग्नात हाणामारी होणार नाही.

हे वाचून तर गाव हादरलं. होणार नाही असं मुख्याध्यापकांना सांगावं लागतंय, म्हणजे होणार असं कुणीतरी ठरवलेलं दिसतंय! आचाऱ्याने विठ्ठलरावांना फोन करून भांडी रविवारीच परत नेईन म्हणून सांगितलं. मांडववाल्याने काचेची झुंबरं काढून घेतली. आणि साडेतीन वाजता हवालदार राम मोटरसायकलवरून शाळेच्या दारात उतरला.

“कोण बोललं हाणामारीचं? बंदोबस्त लागंल का?”

त्याच्या मागोमाग विठ्ठलरावांची जीप आली. ड्रायव्हर खाली न उतरताच म्हणाला, “मॅडमला बोलिवलंय. तलवाड्याची पाव्हणी आलीती.”

ज्योत्स्नाने कपाटातून शाळेचा जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला आणि छातीशी धरून जीपमध्ये बसली. सर ऐनवेळी म्हणाले की त्यांना पोषण आहाराची माहिती भरायची आहे. हवालदार मात्र मोटरसायकलवरून मागे मागे आला.

विठ्ठलरावांच्या अंगणात अर्ध्या मांडवाखाली खुर्च्या टाकल्या होत्या. एका बाजूला मुलीचे वडील राधाकिशन आणि आई छबुबाई ताठ बसलेले. समोर विठ्ठलराव. चहाचे कप कुणी उचललेले नव्हते, त्यांवर साय धरली होती.

“बसा मॅडम,” विठ्ठलराव म्हणाले. आवाज इतका मऊ होता की तिला जास्तच भीती वाटली. “आमचं तुमच्याशी काय वाकडं हाय?”

“काहीच नाही हो काका. मी फक्त शब्द शिकवत होते.”

“कंचा शब्द?”

“ब्रॉल.” तिने शब्दकोश उघडला. पानं दोनदा पुढे गेली, दोनदा मागे आली. “हे बघा. गोंगाटाचं भांडण. हाणामारीसुद्धा नाही, म्हणजे असू शकते, पण मी लिहिलं होतं ते गोंगाटाचं भांडण. मोबाईलने त्याचं हाणामारी केलं.”

राधाकिशनने चष्मा चढवून त्या ओळीवर बोट ठेवलं. “भांडान तर भांडान. आमचं म्हननं भांडनाचं न्हाईच. आमचं म्हननं लग्नाचं हाय. लगीन झाल्याबिगर लग्नात भांडान कसं व्हईल?”

“ते उदाहरण आहे. उदाहरणातलं लग्न झालेलंच नसतं.”

“मग ‘झालं’ कावून म्हनायचं?”

हवालदारानेही मान डोलावली. त्यालाही हाच मुद्दा बिनतोड वाटला होता. तेवढ्यात फाटकातून विजयसिंह आत आला. दाढी कोरलेली, हातात नव्या बुटांचा खोका. समोर सासू-सासरे, खाकी वर्दी आणि मांडीवर जाडजूड पुस्तक उघडून बसलेली अनोळखी बाई बघून तो जागच्या जागी थिजला.

“ही कोण?” त्याने हळूच विचारलं.

“ह्याच मॅडमनी तुझ्या लग्नाचं लिवलंय,” हवालदार म्हणाला.

ज्योत्स्ना उठून उभी राहिली. आता साध्या सरळ मराठीत सगळं सांगून टाकायचं तिने ठरवलं. “हे बघा, विजयसिंह यांच्या लग्नाबद्दल मला इतकंच सांगायचंय की—”

“मॅडम, थांबा.” विजयसिंहच्या हातातला खोका खाली पडला. “तुमी नका सांगू. मीच सांगतो.”

वडिलांकडे न बघता त्याने मान खाली घातली.

“पुन्याला असताना रजिस्टर लगीन केलतं. दोन वर्षं झाली. तिचे भाऊ आले व्हते, हापिसाच्या दारातच लई राडा झाला. ती गेली माहेरी. कागदावर सोडचिठ्ठी आजून झाली न्हाई. आबा, तुमाला भिऊन बोललो न्हाई.”

विठ्ठलराव खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, आणि मग जे उठले ते थेट मुलाच्या दिशेने. राधाकिशन त्यांच्या आडवे गेले. अडवायला नव्हे, पहिला मान आपला म्हणून. चहाचे कप उडाले. शेजारपाजारचे लोक भिंतीवर चढले. हवालदार शिट्टी शोधत होता. त्या सगळ्या कालव्यात छबुबाई मात्र शांतपणे फोन कानाला लावून नवरीशी बोलत होत्या, “वैष्णवे, हळद दळू नगंस. आन् त्या मेंदीवालीला म्हनावं, येऊ नगं. रडू नगं गं. देवानंच वाचिवलं म्हन.”

फोन ठेवून त्या ज्योत्स्नाकडे आल्या आणि तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. “लेकी, माज्या पोरीचा जल्म राखलास. पर तुला कळलं कसं गं? आमी पुन्यात चार मानसं पाठवून चौकशी केलती. कुनाच्या हाती काय लागलं न्हाई.”

“मावशी, खरंच सांगते, मला काहीच माहीत नव्हतं.”

“बरं बरं,” छबुबाईंनी डोळे मिचकावले. “न्हाई सांगत आमी कुनाला.”

शुक्रवारी ज्योत्स्ना जीव मुठीत धरून शाळेत आली. विठ्ठलरावांचा माणूस, नाहीतर तालुक्याची नोटीस, दोन्हींपैकी एक वाट पाहत असणार याची तिला खात्री होती. पण फाटकात उभा असलेला किराणा दुकानदार तिला पाहून बाजूला झाला आणि त्याने खाली वाकून नमस्कार केला. ग्रामपंचायतीच्या शिपायाने न सांगता तिच्या वर्गातला बिघडलेला पंखा सुरू करून दिला. मंगलबाईंनी चहात साखर किती, ते पहिल्यांदाच विचारलं, आणि जाता जाता, “आमच्या घरचं काय न्हाई बरं का मॅडम,” असंही म्हणून गेल्या.

परिपाठाच्या आधी प्रविणसरांनी तिला खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. खुर्ची पुढे केली. स्वतः उभेच राहिले.

“मॅडम, मागच्या महिन्यात मी आठ दिवस आजारपणाची रजा टाकली होती.”

“हो सर.”

“तेव्हा तिरुपतीला कोण कोण भेटलं, कुणी फोटो काढले, हे तुमच्या कानावर आलं असेलच...”

“सर, शप्पथ, मला काहीही माहीत नाही.”

सरांनी दीर्घ श्वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर कृतज्ञता दाटून आली.

“बस,” ते हात जोडून म्हणाले, “असंच म्हणत जा.”